आधी पिशवी भरा: घरात मानसिक आजार असेल तर सीमाभागातल्या कुटुंबानं काय काय करायचं

आमच्या माजघरात खुंटीला एक निळी पिशवी टांगलेली असते. खताच्या दुकानातून मिळालेली, चेनची. तिच्यात दादाचे सगळे कागद. पहिली दोन वर्षं ही पिशवी नव्हती. कागद कधी देव्हाऱ्यामागं, कधी तांदळाच्या डब्यावर. एकदा डॉक्टर बदलले आणि नव्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी कुठली गोळी चालू होती?" वहिनी म्हणाली, "पांढरी, बारकी." जगातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि बारक्याच असतात. औषध पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागलं. ते बसेपर्यंतचे दोन महिने आम्ही कसे काढले, ते आमचं आम्हाला ठाऊक.

म्हणून सुरुवात पिशवीपासून करते. खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या ज्या घरांत कुणाला कानात आवाज येतात, कुणी महिनोन् महिने अंथरूण सोडत नाही, कुणी आठ आठ दिवस न झोपता बडबडत फिरतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नव्हे. दवाखाना, नाडकचेरी (दाखले-पेन्शनची सरकारी कचेरी) आणि पंचायत यांच्या चकरा मारून चपला झिजवलेली बहीण आहे.

पिशवीत काय घालायचं

आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक यांच्या झेरॉक्स, पासपोर्ट फोटो चार-सहा, आणि आजवरची प्रत्येक चिठ्ठी. फाटकी असली तरी. गोळ्यांचं पाकीट संपलं की नाव छापलेला तुकडा कापून ठेवायचा. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा तो तुकडा जास्त कळतो.

आणि एक वही. शाळेची दोनशे पानी चालते. तिच्यात मोठं काही लिहायचं नाही. आमच्या वहीतलं एक पान असं आहे: "12 जून. रात्री 3 पर्यंत जागा. दोनदा दार उघडून बघितलं. भाकरी अर्धी. सकाळची गोळी घेतली, रात्रीची थुंकली." एवढं पुरतं. महिन्याभराची अशी पानं समोर ठेवली की डॉक्टर पाच मिनिटांत जे समजून घेतात, ते तुम्ही अर्धा तास बोललात तरी सांगता येत नाही. पहिल्या पानावर मात्र आजार कोणत्या वर्षी सुरू झाला ते आठवून लिहा. दहावी सोडली तेव्हा, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, असं काहीही आठवत असेल तर त्यावरून साल काढा. ते पुढं कामाला येतं.

नावं जुळतात का तेही याच वेळी बघा. आधारवर मारुती आणि रेशनकार्डावर मारोती, एकीकडं बापाचं नाव आणि दुसरीकडं नुसतं आडनाव, असले घोळ आपल्या भागात घरोघरी आहेत, कारण मराठी नाव कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेलेलं असतं. रांगेत उभं राहिल्यावर हे कळण्यापेक्षा आधी दुरुस्त केलेलं बरं.

पहिल्यांदा कुठं जायचं

हा आजार आहे की नुसता स्वभाव, की दारूचा परिणाम, हेच कळत नसेल तर घरबसल्या 14416 हा नंबर लावा. टेलिमानस म्हणून केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालते, आणि तिच्यात मराठीही आहे. कर्नाटकातून फोन केला की आधी कन्नड कानावर पडेल, तेवढ्यानं ठेवून देऊ नका. भाषा निवडा, नाहीतर सरळ म्हणा की मराठीत बोलायचं आहे. फोन घरच्यांनी केला तरी चालतो, आजारी माणसानंच बोललं पाहिजे असं नाही.

मग प्रत्यक्ष दवाखाना. मोठ्या शहरात पळायच्या आधी तालुक्याचं सरकारी इस्पितळ बघा. प्रत्येक जिल्ह्याला मानसिक आरोग्याचं पथक असावं ही योजना देशात 1996 साली सुरू झाली, आणि तिचा नमुना आपल्याच राज्यातला आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं 1980 च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात करून बघितलेला. कर्नाटकात मनोचैतन्य कार्यक्रमाखाली मानसोपचार डॉक्टर मंगळवारी तालुका इस्पितळात येतात. तुमच्या तालुक्यात येणारा मंगळवार कोणता, हे आशा कार्यकर्तीला विचारून मगच निघा. तिला ठाऊक नसेल तर इस्पितळातल्या औषधाच्या खिडकीवरच्या माणसाला नक्की ठाऊक असतं.

त्यावर बेळगावचं जिल्हा इस्पितळ, म्हणजे बिम्स. आणि दाखल करायची वेळ आली, किंवा दोन-तीन औषधं बदलूनही फरक पडत नसेल, तर धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आजारांचं सरकारी इस्पितळ. बेळगावपासून ते ऐंशी किलोमीटरच्या आत आहे. खानापूरकडच्या माणसाला रेल्वेही आहे. निपाणीकराला कोल्हापूर जवळ, चाळीसेक किलोमीटर, म्हणून तिकडची माणसं तिथलं सरकारी इस्पितळ, सीपीआर, गाठतात. जांबोटी-कणकुंबीकडची काही गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जातात. जा की. पण माझं मत विचाराल तर कायमचा दवाखाना एकच ठेवा, आणि तो दर महिन्याला जाता येईल असा ठेवा. प्रमाणपत्र आणि पेन्शन शेवटी आपल्याच जिल्ह्यातून निघायची असते. मोठ्या डॉक्टरांकडं वर्षातून एकदा जाऊन यावं, महिन्याच्या गोळ्या जवळ घ्याव्यात. जिल्हा कार्यक्रमाखाली त्या फुकट मिळतात.

देवऋषीबद्दल मी कुणाला नावं ठेवणार नाही. आम्हीही सौंदत्तीला जाऊन आलो, अंगारा लावला, गंडा बांधला. नवस फेडायचा तर फेडा, गोळी चुकवू नका. पण मारहाण, धुरी, साखळीनं बांधणं असं कुणी सुचवलं तर तिथून उठायचं. साखळदंडाला 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मनाई आहे, आणि करणी-भानामतीच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी प्रकारांविरुद्ध कर्नाटकाचा वेगळा कायदा आहे.

डॉक्टरांसमोर कुठल्या भाषेत बोलायचं

बाकी सगळं एकीकडं आणि ही पायरी एकीकडं. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी दादाला विचारलं, "निद्दे बरतैती?" दादा म्हणाला, "हं." "ऊटा माडती?" "हं." दादाला बाजारापुरतं कन्नड येतं, आणि कन्नडमध्ये साहेबानं विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला हं म्हणायची आपल्या लोकांची सवय आहे. चिठ्ठीवर लिहिलं गेलं, झोप ठीक, जेवण ठीक. तिथं मराठी येणारी एक सिस्टर होती. तिनं जाता जाता सहज विचारलं, "रात्री कानात कोण बोलतंय काय?" दादानं पहिल्यांदा मान वर केली. म्हणाला, "दोघं बोलतात. एक बाई आणि एक मास्तर. बाई वाईट नाही." आम्ही दोन वर्षं त्याच्याबरोबर राहत होतो आणि त्या मास्तरबद्दल आम्हाला काही ठाऊक नव्हतं.

तेव्हा आत गेल्या गेल्या, प्रश्न सुरू व्हायच्या आधी सांगायचं: यांना मनातलं मराठीतच सांगता येतं. बेळगाव भागातल्या दवाखान्यात मराठी समजणारी एखादी सिस्टर, एखादा वॉर्डबॉय असतोच. तो मिळाला नाही आणि तुम्हालाच मध्ये बोलावं लागलं, तर माणूस जे बोलला तेच सांगा, तुम्हाला काय वाटतं ते नंतर. "बरं हाय म्हणतोय" असं गुंडाळून टाकू नका. आणि दुभाष्या म्हणून घरातल्या शाळकरी पोराला कधी बसवू नका. बापाच्या तोंडून जे बाहेर पडतं ते पोरानं ऐकून दुसऱ्याला सांगायचं, हे त्याच्यावर ओझं आहे, आणि बाप तरी पोरासमोर काय बोलणार?

आपल्या शब्दांचाही विचार करून ठेवा. "उलघाल होते" म्हणजे छातीत धडधड की विचार थांबत नाहीत? "डोक्यात किडे वळवळतात" म्हणजे खरंच तसं जाणवतं, की बोलण्याची पद्धत? हे आधी घरात विचारून वहीत लिहा. "जीव नकोसा झालाय" हे वाक्य मात्र जसंच्या तसं पोहोचलं पाहिजे, सौम्य करायचं नाही.

चार कन्नड शब्द तोंडी असू द्या: मात्रे म्हणजे गोळी, निद्दे म्हणजे झोप, चीटी म्हणजे चिठ्ठी, मासाशन म्हणजे महिन्याची पेन्शन, विकलचेतन म्हणजे दिव्यांग. मोजले तर पाच झाले. अर्जाचं म्हणाल तर घटनेच्या 350 व्या कलमानं गाऱ्हाणं मराठीत मांडायचा हक्क तुम्हाला आहे, आणि तक्रार असेल तर मी मराठीतच लिहिते. पण पेन्शनचा छापील फॉर्म गावातल्या ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रावरून कन्नडमध्ये भरून घेते, पत्त्यात बेळगावी घालते आणि घरी येऊन बेळगाव म्हणते. बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, हा सीमेचा खटला सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून आहे. दादाच्या गोळ्या तेवढं थांबू शकत नाहीत.

गोळ्या आणि बस

उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच दिसतो. घरोघरी औषध सुटतं ते इथंच. हात कडक होणं, लाळ गळणं, चालताना खांदे न हलणं, वजन वाढणं हे सगळं डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे, आणि बहुतेकांवर उपाय असतो. गोळी आपण होऊन बंद करायची नाही. लिथियम नावाची गोळी चालू असेल तर रक्ताची तपासणी चुकवायची नाही. "आता बरा झालाय, कशाला रोज विष पोटात?" हे म्हणणारे पाहुणे लग्नसराईत हमखास भेटतात. त्यांना चहा द्या.

बाईमाणसानं सोबत जावं यात एक फायदा आहे. जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या साध्या आणि एक्सप्रेस सरकारी बसमध्ये राज्यातल्या बायकांना तिकीट नाही. त्यामुळं धारवाडला जायचं तर आमचं एकट्या दादाचंच भाडं. कोल्हापूरच्या गाडीत ही सवलत धरून बसू नका.

प्रमाणपत्र आणि पेन्शन

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यातला एक आहे, हे आपल्याकडच्या निम्म्या पंचायत सदस्यांना ठाऊक नसतं. "हातपाय तर धड आहेत" असं ऐकायला मिळेल. वाद घालत बसू नका, यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा. फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. मग जिल्हा इस्पितळात तपासणीला बोलावतात. पंचायतीशी जोडलेला एक ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता असतो, त्याला व्हीआरडब्ल्यू म्हणतात. बऱ्याचदा तो स्वतः दिव्यांग असतो, म्हणून त्याला वाटा माहीत असतात. त्याला गाठा.

तपासणीत आयडियाज नावाची मोजपट्टी वापरतात. चार गोष्टी बघतात: स्वतःचं स्वतः करणं, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, आणि काम. आजार किती वर्षांचा आहे यालाही गुण असतात, म्हणून ते पहिल्या पानावरचं साल. 40 टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर पुढच्या सवलतींची दारं उघडतात. इथं आपली माणसं एक चूक करतात. साहेबांकडं जायचं म्हणून आजारी माणसाची दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि "सगळं करतो की तो" म्हणतात. अब्रू राखायची म्हणून. खोटं बोला असं मी सांगत नाही. पण अंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, दुकानात एकटा पाठवला तर काय होतं, शेतात किती तास टिकतो, हे चांगल्या दिवसाचं न सांगता नेहमीच्या दिवसाचं सांगा. वही बरोबर न्याच.

पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत. उत्पन्नाचा दाखलाही तिथंच मिळतो. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. खातं आजारी माणसाच्याच नावावर हवं, आणि एटीएम कार्ड कोणाच्या खिशात आहे याकडं घरातल्या एका शहाण्या माणसाचं लक्ष हवं. प्रमाणपत्र मुदतीचं असेल तर संपायची तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

वाईट रात्र आली तर

घरात कीटकनाशक आणि तणनाशक कुलपात, चावी आजारी माणसाला ठाऊक नसलेल्या जागी. ऊस-भाताच्या घरात हे आजच करायचं काम आहे. मरणाचं बोलणारा माणूस लक्ष वेधायला बोलतो हा समज डोक्यातून काढा. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्यानं डोक्यात घातलं जात नाही. त्याला एकटा ठेवू नका, 14416 लावा, आणि काही घेतलंच असेल तर 108 ची गाडी बोलवा. पोलीस केसच्या भीतीनं गाडी बोलवायला उशीर करू नका. 2017 च्या कायद्याच्या 115 व्या कलमानं, असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं, त्याला शिक्षा नाही.

माणूस आवरत नसेल, स्वतः यायला तयार नसेल, तर घरच्यांच्या अर्जावर 30 दिवसांपर्यंत दाखल करता येतं, एक मानसोपचार डॉक्टर आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्याचा तज्ज्ञ, अशा दोघांनी स्वतंत्र तपासल्यावर. अर्ज कोण देणार यावरून भावाभावांत त्याच रात्री भांडण नको. बरा असताना त्याच्याकडूनच साध्या कागदावर लिहून घ्या, "माझ्या वतीनं निर्णय माझी बहीण घेईल." सही नाहीतर अंगठा. कायद्यानं तेवढं पुरतं. दादानं माझं नाव लिहिलं आणि खाली स्वतःहून भर घातली: "धारवाडला नेलं तर माझा रेडिओ बरोबर द्यावा." तोही कागद पिशवीत आहे.

माणूस निघून गेला तर त्याच दिवशी पोलिसांत बेपत्ता म्हणून नोंद करा. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण सापडला तर पोलिसांनी त्याला कोठडीत न ठेवता 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, हेही याच कायद्यात आहे. लोंढा स्टेशनवर कोणी तसा दिसला तर 112 ला सांगताना हे वाक्य वापरा.

घर, आणि घरावरचा हक्क

लोक औषधाचं विचारतात, घराचं कोणी विचारत नाही. पण आजारी माणसाला परत आजारी पाडायला गोळी चुकणं जेवढं पुरतं, तेवढंच "उद्या हा कुठं राहणार" ही घरातली कुजबुज पुरते.

आधी खोली. गोठ्याशेजारची अडगळ देऊ नका. उजेड हवा, कडी आतून लागणारी पण बाहेरून उघडता येईल अशी हवी, आणि जेवण चौघांबरोबर. दादाला सुरुवातीला अन्नात काहीतरी घातलंय असं वाटायचं. वहिनीनं वाद घातला नाही. सगळ्यांची ताटं एकाच टोपल्यातून, त्याच्यासमोर वाढायला लागली. तीन आठवड्यांनी तो पहिल्यांदा भाकरी पुन्हा मागून जेवला.

मग कागद. वडील गेल्यावर वारसा नोंद करताना "याचं नाव कशाला, याला काय कळतंय" असं होतं. हिंदू वारसा कायद्याच्या 28 व्या कलमात स्पष्ट आहे की आजार किंवा व्यंग असलं म्हणून वारसाहक्क जात नाही. उताऱ्यावर नाव चढवा. आजार जोरात असताना घेतलेल्या हक्कसोड पत्रावरच्या सहीला कोर्टात आव्हान देता येतं, तेव्हा जे भाऊ घाई करतात त्यांनाही हे आधीच शांतपणे सांगून ठेवावं. गावठाणातल्या घराचा ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीकडचा ऑनलाइन मिळकतीचा, उतारा काढून ठेवा.

घरच नसेल तर वसती योजनांची नावं ग्रामसभेत ठरतात. दिव्यांग कायद्याच्या 37 व्या कलमानं अशा योजनांत 5 टक्के राखीव आहे, त्यातही बायकांना आधी. म्हणून यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स पीडीओकडं (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याकडं) देऊन पोच घ्या, आणि ग्रामसभेला जाऊन उठून बोला. पोच नसलेला अर्ज हा अर्जच नव्हे.

आजारी सुनेला माहेरी पाठवून देणं हा आपल्याकडचा जुना मार्ग. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला सासरच्या घरात राहायचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. 181 ला फोन करा, किंवा 15100 वर मोफत वकील मागा. बायकांना आणि दिव्यांगांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. घरच्यांनी टाकून दिलेल्या माणसाला घरात परत राहता यावं म्हणून सरकारनं कायदेशीर मदत द्यायची, असं 2017 च्या कायद्याच्या 19 व्या कलमात आहे. बरं होत आलेल्यांसाठी मानसधारा ही दिवसभराची केंद्रं कर्नाटक सरकारनं काढली आहेत. तुमच्याजवळ कुठलं, ते जिल्हा पथकाला विचारा.

बाकीच्या माणसांचं

सहा-सात वर्षं झाल्यावर वहिनीला झोप लागेनाशी झाली. आम्ही सगळे दादाच्या झोपेची नोंद ठेवत होतो. आता शनिवारची रात्र माझी असते आणि वहिनी माहेरी जाते. पाळी ठरवा, वार ठरवा, "कधीतरी ये" असं कोणाला म्हणू नका. तिचीही तपासणी त्याच मंगळवारी झाली.

कर्जाचं एक. आजारपणात बचत गटाच्या आणि मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांनी घरं मोडतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं असल्या वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर दारात यायचं नसतं. जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकानं 2025 मध्ये वेगळा कायदा केला आहे. दारात येऊन ओरडणाऱ्याला हे सांगताना मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा.

गल्लीतल्या पोरांनी वेडा म्हणून दगड मारायचं बंद झालं ते कुठल्याही कायद्यानं नाही. गल्लीच्या पंचांना घरी चहाला बोलावलं, दादाला त्यांच्याशी रेडिओवरच्या बातम्यांबद्दल बोलू दिलं. गणपतीत मंडळानं त्याला पाण्याच्या ड्रमवर बसवलं. पाच दिवस एकही ग्लास हरवला नाही.

मे अर्धा झाला की आमचं एक काम असतं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात जुलैत नाल्यावरून पाणी गेलं की बस चार-चार दिवस येत नाही. म्हणून रोहिण्या निघायच्या आधीच्या मंगळवारी डॉक्टरांना सांगायचं, आमच्या गावाला रस्ता राहत नाही, दोन महिन्यांच्या गोळ्या द्या. एकदा नाही म्हणाले होते. मग गेल्या पावसाळ्यातलं वहीतलं पान उघडून दाखवलं.